डिस्प्ले येत नाही

लॅपटॉप दुरुस्तीच्या धंद्यात दिवसभर कानावर पडणारं वाक्य हेच. या तीन शब्दांत गिऱ्हाईक पाच-सहा वेगवेगळे आजार सांगून मोकळं होतं. कुणाच्या लॅपटॉपचा स्वतःचाच पडदा काळा झालेला असतो. कुणी ऑफिसातला मोठा मॉनिटर घरी आणलेला असतो आणि त्यावर ‘नो सिग्नल’ एवढंच फिरत असतं. कुणाचं प्रोजेक्टरवर चित्र येतं, पण कडा कापून येतं. कुणाचं रात्री विंडोजचं अपडेट झालं आणि सकाळपासून दुसरा मॉनिटर दिसेनासा झाला. भीती मात्र सगळ्यांची एकच असते : बोर्ड गेला का?

मी पुण्यात औंधच्या आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा ट्रेड केला. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या एका वर्कशॉपमध्ये टीव्ही दुरुस्त करायला लागलो, पुढे कॉम्प्युटरचे काचेचे मॉनिटर हातात आले आणि मग लॅपटॉप. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो. सेटचं झाकण उघडण्याआधी आत सिग्नल कुठून निघतो आणि कुठे पोचतो हे तोंडी सांगता आलं पाहिजे, असा काकांचा नियम होता. लॅपटॉपच्या बाबतीत तो नियम मला आणखीनच पटत गेला. कॉम्प्युटर आणि पडदा या दोन वेगळ्या वस्तू. समोर कोण बसलंय आणि त्याला काय झेपतं हे कॉम्प्युटरला कळायचं कसं, या एका प्रश्नाभोवती गेली 40 वर्षं हा सगळा विषय फिरतो आहे. हार्डवेअरच्या क्लासमधून शिकून आलेल्या मुलांना हा इतिहास कुणी सांगितलेला नसतो, आणि तो माहीत नसल्यामुळे नको ते बोर्ड उघडले जातात. म्हणून तो लिहून ठेवतो आहे.

सुरुवातीला ही ओळख करून घ्यायची सोयच नव्हती. 1981 साली आयबीएमने पीसी काढला तेव्हा त्याच्यासाठी दोन निराळी डिस्प्ले कार्डं होती. एक एमडीए, फक्त अक्षरांसाठी, एकरंगी. दुसरं सीजीए, चित्रांसाठी, 320 बाय 200 ठिपके आणि एका वेळी चार रंग. दोघांचे मॉनिटर वेगळे. एमडीएच्या मॉनिटरवर इलेक्ट्रॉनचा झोत सेकंदाला सुमारे 18 हजार 400 आडव्या रेषा ओढायचा, सीजीएच्या मॉनिटरवर सुमारे 15 हजार 700. सॉकेट मात्र दोन्हीकडे सारखंच, 9 पिनांचं. म्हणजे याची पिन त्याच्यात सहज बसायची.

टीव्हीवर हात बसलेल्या माणसाला यातला धोका लगेच कळेल. काचेच्या ट्यूबमध्ये झोत डावीकडून उजवीकडे ओढणारं सर्किट आणि ट्यूबला लागणारे हजारो व्होल्ट तयार करणारा ट्रान्सफॉर्मर, आमच्या बोलीत ईएचटी, हे दोन्ही एकाच वारंवारतेला बांधलेले असतात. ती चुकली की आधी बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, मग आउटपुट ट्रान्झिस्टर तापतो, मग जळका वास. आयबीएमचा 5151 हा हिरवा मॉनिटर तर आडव्या सिग्नलसाठी पूर्णपणे कार्डावर विसंबून होता. कार्डातल्या चिपला प्रोग्रॅमने चुकीचे आकडे दिले तर तो मॉनिटर खराब होऊ शकत असे. ‘सॉफ्टवेअरनं हार्डवेअर जळत नाही’ असं ठामपणे सांगणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो.

याच काळात एक अशी गोष्ट घडली जी मला फार जवळची वाटते. व्हॅन सुवन्नुकूल या थाई तरुणाला आपला प्रबंध पीसीवर थाई लिपीत लिहायचा होता. एमडीएवर अक्षरं रेखीव यायची, पण ती कार्डात कोरलेली, बदलता न येणारी. सीजीएवर हवा तो आकार काढता यायचा, पण भरड. त्याने 1982 साली दोन्हींचे गुण एकत्र आणणारं कार्ड स्वतः तयार केलं : 720 बाय 348 ठिपके, आणि चालायचं एमडीएच्याच मॉनिटरवर. कॅलिफोर्नियातल्या हर्क्युलिस गावाचं नाव त्या कंपनीला मिळालं. पुढे कितीतरी वर्षं जगभरच्या कचेऱ्यांत हे कार्ड चाललं. ज्या कार्डाने पीसीच्या एकरंगी पडद्यावर आकृत्या आणल्या, ते जन्माला आलं एका आशियाई लिपीच्या गरजेतून.

आपल्याकडे तीच गरज मराठीची होती. त्या काळच्या पडद्यावर 80 रकाने आणि 25 ओळी असायच्या. प्रत्येक घरात एक अक्षर, सगळी घरं सारख्या मापाची, एमडीएवर 9 बाय 14 ठिपक्यांची. एकूण आकार 256. आता या घरात ‘कर्तृत्व’ बसवून बघा. वर रफार, खाली ऋकार, शेवटी जोडाक्षर. इंग्रजीच्या मापाने केलेल्या घरात ते मावत नाही. यावरचं उत्तर म्हणजे जिस्ट कार्ड. त्याचं मूळ काम आयआयटी कानपूरला झालं, मोहन तांबे यांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलं, आणि 1988 साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते इथे वाढलं. पीसीच्या खाचेत हे कार्ड बसवलं की डीबेस, लोटस, वर्डस्टार यांसारख्या इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी टाइप करता यायचं आणि पडद्यावर दिसायचंही. प्रोग्रॅमला हात लावावा लागत नसे. या कामातूनच भारतीय लिप्यांचं ‘इस्की’ हे प्रमाणक 1991 साली ठरलं. पुण्याच्या संगणकाच्या इतिहासात त्याच वर्षीच्या परम महासंगणकाचं नाव मानाने घेतलं जातं, आणि ते घेतलंच पाहिजे. पण सरकारी कचेरीतल्या कारकुनाला पडद्यावर पहिल्यांदा मराठी दिसलं ते अशा कार्डामुळे. माझ्या लेखी त्याचा मान तसूभरही कमी नाही.

1987 साली आयबीएमने पीएस/2 मालिकेबरोबर व्हीजीए आणलं. तीन ओळींत 15 पिनांचं सॉकेट, 640 बाय 480 ठिपके. मोठा बदल आत होता. आधीच्या कार्डांतून रंगाचं ‘आहे किंवा नाही’ एवढंच जायचं. व्हीजीएत लाल, हिरवा आणि निळा यांच्या तीन तारांवरून शून्य ते 0.7 व्होल्टपर्यंत चढउतार करणारा सिग्नल निघाला, म्हणजे छटा हव्या तितक्या. आम्हा टीव्हीवाल्यांना हे घरचंच वाटलं. ऑसिलोस्कोप लावला की रंग डोळ्यांनी दिसायचा.

मग इतर कार्डवाल्यांनी व्हीजीएच्या पुढची मजल मारायला सुरुवात केली. प्रत्येकाची पद्धत वेगळी. ही बजबजपुरी आवरायला एनईसीच्या पुढाकाराने 1989 साली व्हेसा ही संघटना उभी राहिली आणि 800 बाय 600 हे माप ठरलं. तरीही चिपला हुकूम द्यायची भाषा ज्याची त्याचीच राहिली. ट्रायडंटची वेगळी, सायरस लॉजिकची वेगळी, एस3ची वेगळी. विंडोजने ‘इथे खिडकी काढ’ म्हणायचं आणि त्या विशिष्ट चिपला समजेल असं कुणीतरी ते सांगायचं, हे काम करणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. तो फ्लॉपीवर यायचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या कार्डाची फ्लॉपी हरवली किंवा तिला बुरशी लागली, की ते कार्ड 16 रंगांपुरतं उरायचं. चिपवरचा नंबर भिंगाखाली वाचायचा, वहीत टिपायचा आणि त्या नंबरची फ्लॉपी कुणाकडे आहे ते पेठेत विचारत फिरायचं, हा आमच्या कामाचा नेहमीचा भाग होता. विंडोज 3.1मध्ये चुकीचा ड्रायव्हर पडला तर पडदा काळा. मग डॉसमध्ये यायचं, विंडोजच्या फोल्डरमध्ये जाऊन सेटअप चालवायचं आणि यादीतलं साधं व्हीजीए निवडायचं. मुळात साध्या रूपात परत जाता येतं हे तंत्र तेव्हापासूनचं आहे. आजचा सेफ मोड म्हणजे तेच.

ओळखीचा प्रश्न अजून तसाच होता. मॉनिटरला किती झेपतं हे त्याच्या पुस्तिकेत छापलेलं असायचं आणि ते कॉम्प्युटरला सांगायचं काम माणसाचं. विंडोज 95मध्ये रिझोल्यूशन बदललं की पडद्यावर चौकट यायची : नीट दिसतंय का सांगा, नाहीतर 15 सेकंदांत पहिल्यासारखं करतो. ती चौकट आजही येते. तिच्यामागे तेच जुनं अज्ञान आहे. पाठवतोय ते समोर उमटतंय का, हे पाठवणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता.

मार्ग निघाला 1994 साली. व्हेसाने डीडीसी नावाची पद्धत ठरवली. मॉनिटरच्या आत एक छोटी मेमरी चिप ठेवायची, तिच्यात 128 बाइटांची नोंद लिहायची, तिला ईडीआयडी म्हणायचं, आणि व्हीजीएच्या 12 आणि 15 नंबरच्या पिनांवरून कॉम्प्युटरने ती वाचायची. नोंदीत काय असतं? सुरुवातीला एक शून्य, मग सहा वेळा एफएफ, पुन्हा एक शून्य, ही खूण. मग कंपनीची तीन अक्षरं, मॉडेलचा नंबर, अनुक्रमांक, कोणत्या वर्षी कितव्या आठवड्यात बनला ते, पडद्याची लांबीरुंदी सेंटिमीटरमध्ये, झेपणारी मापं. शेवटचा बाइट असा निवडलेला की सगळ्या 128 बाइटांची बेरीज 256ने निःशेष भागली जावी. बेरीज जुळली नाही तर नोंद बिघडली आहे असं समजायचं. मॉनिटर बंद असला तरी ही नोंद वाचता यावी म्हणून 9 नंबरच्या पिनेतून 5 व्होल्टही देता येतात. एवढ्याशा जागेत इतका विचार! काचेचे मॉनिटर गेले, पातळ पडदे आले, तारा बदलल्या, पण एचडीएमआय असो की डिस्प्लेपोर्ट, ही नोंद आजही वाचली जाते, फक्त तिला आणखी पानं जोडली गेली. या सबंध इतिहासातली सगळ्यात शहाणी गोष्ट कोणती असं विचारलं तर मी ईडीआयडीकडे बोट दाखवीन.

भोर तालुक्यातल्या एका शाळेच्या मॅडम लॅपटॉप घेऊन आल्या होत्या.

“दादा, याचं ग्राफिक कार्ड गेलंय म्हणतात. बोर्ड बदलावा लागेल का?”

“कुठं दिसत नाही मॅडम? यावर, की प्रोजेक्टरवर?”

“प्रोजेक्टरवर. कधी ओळखतो, कधी नाही. ओळखला तरी सगळं फुगट दिसतं.”

“केबल आणलीय?”

“ती तर नवीकोरी आहे हो.”

तरी त्यांनी पुढच्या खेपेला भिंतीच्या पट्टीतून काढून आणली. लांबलचक, जाड, चकचकीत केबल. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एका टोकाची एकेक पिन दुसऱ्या टोकाशी लावून बघितली. लाल, हिरवा, निळा, दोन्ही सिंक, सगळे वाजले. 12 गप्प, 15 गप्प. पिना होत्या, पण आतून तारच ओढलेली नव्हती. तांब्याचा खर्च वाचवला होता बनवणाऱ्याने. म्हणून विंडोजच्या यादीत प्रोजेक्टरच्या नावाऐवजी ‘जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर’ असं येत होतं आणि 1280 बाय 800 दाखवू शकणाऱ्या प्रोजेक्टरला लॅपटॉप 1024 बाय 768च्या पुढे काही पाठवत नव्हता. पूर्ण तारांची केबल लावली, त्याच लॅपटॉपवर, आणि यादीत प्रोजेक्टरचं नाव उमटलं. त्या शाळेचे बोर्डाचे पैसे वाचले.

लॅपटॉपमध्ये या सगळ्याला आणखी एक वळण आहे, कारण त्याला दोन पडदे असतात, एक अंगचा आणि एक बाहेरचा. विंडोज 98 आलं तेव्हापासून एकापेक्षा जास्त पडद्यांवर काम पसरता येऊ लागलं. पण लॅपटॉपवरून प्रोजेक्टरवर जायचं बटण प्रत्येक कंपनीने आपल्या मर्जीने ठेवलं. एफएन धरून कुठे एफ4, कुठे एफ5, कुठे एफ7, कुठे एफ8. 2001 साली एमकेसीएलचा एमएस-सीआयटी सुरू झाला, गावोगावी कॉम्प्युटरचे वर्ग निघाले, कॉलेजांत प्रोजेक्टर टांगले गेले आणि व्याख्यानाआधीची दहा मिनिटं हे बटण शोधण्यात जाऊ लागली. 2009 साली विंडोज 7ने विंडोजची खूण असलेलं बटण आणि पी अशी एकच जोडी सगळ्यांसाठी आणली. एवढी साधी गोष्ट व्हायला इतकी वर्षं लागली, कारण ते काम आपलं आहे असं तोवर कुणाला वाटलं नव्हतं.

ड्रायव्हरचंही तसंच. प्रत्येक चिपला एक ओळखक्रमांक असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी उघडला की 10डीई दिसलं तर एनव्हिडिया, 1002 दिसलं तर एटीआय म्हणजे आजचं एएमडी, आणि 8086 दिसलं तर इंटेल. इंटेलने आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचा आकडाच इथे घेतलाय. त्याच्या पुढे लॅपटॉप कंपनीचा स्वतःचा आकडा असतो. चिप बनवणाऱ्याने नवा ड्रायव्हर काढला तरी लॅपटॉपचा आकडा त्याच्या यादीत नसला की तो बसायला नकार द्यायचा. लॅपटॉपवाली कंपनी वर्षभरात जुन्या मॉडेलकडे पाठ फिरवायची. 2008च्या अखेरीस एनव्हिडियाने लॅपटॉपसाठी थेट ड्रायव्हर द्यायला सुरुवात केली तेव्हा कुठे ही कोंडी सैल झाली.

त्याच्या आधीचं वर्ष वाईट गेलं होतं. 2007च्या सुरुवातीला विंडोज व्हिस्टा बाजारात आलं आणि त्यात ग्राफिक ड्रायव्हरची रचनाच बदलली. आधी हा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसायचा, तो अडखळला की सगळं यंत्र निळ्या पडद्यावर. व्हिस्टात त्याचे दोन तुकडे केले, मोठा तुकडा गाभ्याबाहेर काढला, आणि चिपने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर तिला पुन्हा सुरू करायची सोय ठेवली. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो आणि कोपऱ्यात ‘डिस्प्ले ड्रायव्हर थांबला होता, सावरला’ अशी सूचना येते, ती हीच. रचना उत्तम होती. पण सगळ्यांना ड्रायव्हर नव्याने लिहावे लागले आणि ते कच्चे बाहेर पडले. पुढे अमेरिकेतल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रं उघड झाली. त्यात 2007मध्ये नोंदल्या गेलेल्या व्हिस्टाच्या क्रॅशपैकी 28.8 टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे झाल्याचं लिहिलेलं होतं. त्या वर्षी ज्यांनी ‘लॅपटॉपच खराब निघाला’ म्हणून कपाळाला हात लावला, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं यंत्र धडधाकट होतं.

पण त्याच सुमारास खरोखर चिप मरायलाही लागल्या, आणि त्या प्रकरणाने आमचा धंदा बदलून टाकला. 2 जुलै 2008 रोजी एनव्हिडियाने जाहीर केलं की लॅपटॉपसाठीच्या काही जुन्या चिपमध्ये वापरलेलं साहित्य कमकुवत निघालं आहे आणि त्यापोटी 15 ते 20 कोटी डॉलर बाजूला ठेवावे लागतील. डेल आणि एचपी यांनी काही मॉडेलची वॉरंटी वाढवली. अ‍ॅपलने 8600एम जीटी चिप असलेली मॅकबुक प्रो मोफत दुरुस्त करण्याची घोषणा केली.

बिघाड कसा होता ते नीट समजून घेण्यासारखं आहे. सिलिकॉनचा तुकडा पालथा घालून एका छोट्या हिरव्या पट्टीवर बारीक सोल्डरच्या टेकड्यांनी चिकटवलेला असतो. मधल्या फटीत डिंकासारखं भरण असतं. ती पट्टी मग त्याहून मोठ्या सोल्डरच्या गोळ्यांनी मदरबोर्डवर बसते. लॅपटॉप तापतो, गार होतो, पुन्हा तापतो. प्रत्येक वेळी सिलिकॉन आणि पट्टी वेगवेगळ्या मापाने फुगतात. भरण नको तितक्या कमी उष्णतेला मऊ पडलं की सगळा ताण त्या बारीक टेकड्यांवर येतो आणि त्यांना तडे जातात. पडद्यावर आधी रंगीत रेघा, मग चौकटी, मग काळोख, आणि बाहेरचा मॉनिटर लावला तरी तेच.

बाजारात मात्र खापर फुटलं खालच्या मोठ्या गोळ्यांवर. युरोपात 1 जुलै 2006पासून सोल्डरमधल्या शिशावर बंदी आली होती, नवं बिनशिशाचं सोल्डर ठिसूळ आहे अशी बोलवा होती, त्यामुळे ते पटण्यासारखंही होतं. हॉट गनने चिप तापवली की लॅपटॉप चालू व्हायचा! मग रिबॉलिंगची यंत्रं आली. चिप उचलायची, जुने गोळे पुसायचे, जाळी ठेवून नवे गोळे बसवायचे, फ्लक्स लावून पुन्हा भाजायची. लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत पाट्या लागल्या. या कामात हाताचं कसब फार मोठं आहे. 0.6 मिलिमीटरचा एक गोळा सरकला तरी सगळं वाया. पण भाजताना वरच्या बारीक टेकड्याही तापून तात्पुरत्या जुळायच्या, आणि लॅपटॉप चालू व्हायचा तो त्यामुळे. खालचे गोळे बहुतेक वेळा आधीपासूनच शाबूत असायचे. म्हणून काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तेच यंत्र परत यायचं. खरा इलाज एकच होता, सुधारलेल्या साहित्याची नवी चिप बसवणं. हे माहीत असूनही ज्यांनी गिऱ्हाइकाकडून भाजण्याचे पैसे पुन्हा पुन्हा घेतले, त्यांनी आमच्या धंद्याचं नाव घालवलं. हे मी स्पष्ट लिहितो, कारण अजूनही कुठेकुठे चिप भाजून देणारे आहेत.

त्या काळात पक्की झालेली एक परीक्षा मात्र आजही मी मुलांना पहिल्या दिवशी शिकवतो. लॅपटॉपच्या अंगच्या पडद्यावर रेघा असतील तर बाहेरचा मॉनिटर लावा. दोन्हीकडे रेघा आल्या तर दोष चिपचा किंवा ड्रायव्हरचा. फक्त अंगच्या पडद्यावर आल्या तर पडद्याचा किंवा बिजागरीतून जाणाऱ्या त्याच्या चपट्या केबलचा.

2010च्या फेब्रुवारीत एनव्हिडियाने ऑप्टिमस आणलं. लॅपटॉपमध्ये आता दोन ग्राफिक चिप, इंटेलची साधी आणि एनव्हिडियाची ताकदवान. बॅटरी वाचावी म्हणून मोठी चिप गरजेपुरतीच जागी होते, तिने काढलेलं चित्र इंटेलच्या चिपकडे जातं आणि पडद्यावर इंटेलच दाखवते. स्वयंपाक एकाने करायचा आणि पान दुसऱ्याने वाढायचं. म्हणून वाढणाऱ्याचा ड्रायव्हर जुना किंवा बिघडलेला असेल तर स्वयंपाकघर कितीही भारी असो, ताट रिकामं. बाहेरचा मॉनिटर कोणत्या चिपला जोडलाय हे तर मॉडेलगणिक बदलतं. काहींचं एचडीएमआय इंटेलला, गेमिंगच्या काहींचं थेट एनव्हिडियाला. कुणी सांगितलं म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये एक चिप बंद केली आणि मॉनिटर गेला, अशी कितीतरी यंत्रं माझ्याकडे येतात. लिनक्सवाल्यांना तर याचा फार जाच झाला. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने 2012 साली फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात भर सभेत एनव्हिडियावर राग काढला, तो याच संदर्भातल्या प्रश्नावर. एनव्हिडियाने लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बसणारा आपला भाग खुला केला तो 2022 साली.

विंडोज 10 आल्यापासून ड्रायव्हर आपोआप बदलतात. बहुतेकांच्या ते भल्याचं आहे. पण बदल अर्धवट झाला तर विंडोज स्वतःचा ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ लावून काम निभावतं, आणि त्याला दुसरा मॉनिटर चालवता येत नाही. अंगचा पडदा दिसतोय आणि बाहेरचा नाही, म्हणजे पोर्ट जळलं, असा निष्कर्ष लोक काढतात. आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये हे नाव दिसतंय का ते बघावं. दिसलं तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर टाकावा, किंवा ‘रोल बॅक’ने जुना परत आणावा.

शेवटचं वळण तारांचं. 2010च्या डिसेंबरमध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो, सॅमसंग आणि एलजी यांनी व्हीजीए 2015पर्यंत मोडीत काढायचं जाहीर केलं. एचडीएमआय 2002पासून होतंच, डिस्प्लेपोर्ट 2006पासून. 2014 साली यूएसबी-सीच्या चपट्या पोर्टमधून डिस्प्लेपोर्टचं चित्र पाठवायची पद्धत ठरली. एकाच भोकातून चार्जिंग, डेटा आणि चित्र. कल्पना फार चांगली, पण चित्र पाठवणं कंपनीच्या मर्जीवर ठेवलं. त्यामुळे दिसायला अगदी सारख्या दोन पोर्टांपैकी एकातून चित्र येतं, दुसऱ्यातून येत नाही. 1981 साली 9 पिनांच्या दोन सारख्या सॉकेटांत हेच झालं होतं; फरक इतकाच की आता काही जळत नाही. 2020च्या टाळेबंदीत घरून काम सुरू झालं, लोकांनी मॉनिटर आणि डोंगल विकत घेतले, आणि यूएसबी-सीत चित्रच नसलेले लॅपटॉप दुरुस्तीला येऊ लागले. त्यांत दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. विकताना कुणी सांगितलं नव्हतं, एवढाच दोष. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय केबलचंही तसंच. डिस्प्लेपोर्टच्या लॅपटॉपवरून एचडीएमआयच्या मॉनिटरकडे ती चालते, उलट दिशेने लावली तर चालत नाही, आणि पाकिटावर हे क्वचितच लिहिलेलं असतं.

तेव्हा वाचकांना एवढंच सांगणं आहे. नवा लॅपटॉप घेताना दुकानातच मॉनिटर जोडून दाखवायला सांगा, आणि ज्या पोर्टवर तुम्ही तो घरी लावणार आहात त्याच पोर्टवर. यूएसबी-सीशेजारी डिस्प्लेपोर्टचं डीपी हे चिन्ह किंवा थंडरबोल्टची वीज आहे का बघा; चिन्ह नसेल तर मॉडेलच्या तपशिलात वाचा. घरी डिस्प्ले गेला तर विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, ग्राफिक ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. मॉनिटरची पिन भिंतीतून काढून मिनिटभराने लावा. दुसरी केबल लावून बघा. एवढं करूनही पडदा काळाच राहिला तर लॅपटॉप, केबल आणि अ‍ॅडॅप्टर तिन्ही घेऊन दुरुस्तीला या. आणि कुणी केबल न तपासता बोर्ड बदलायचा खर्च सांगितला, तर लॅपटॉप उचला आणि दुसऱ्या दुकानात जा.